पेरूच्या किनाऱ्यावरचे हरवलेले ढग आणि मॉडेलमधला उबदार समुद्र

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला 19 अंशांवर आहे, तर चिलीच्या उत्तर टोकाचे आरिका बंदर दक्षिणेला जवळजवळ तेवढ्याच, म्हणजे साडेअठरा अंशांवर आहे. वर्षभराचा हिशेब केला तर दोन्ही ठिकाणी सूर्य साधारण सारखाच तळपायला हवा. तरीही मुंबईलगतचा समुद्र वर्षाचा बहुतेक काळ 25 ते 30 अंश सेल्सियस असतो आणि आरिकालगतचा 16 ते 23 अंशांच्या दरम्यान राहतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर आरिकाची वार्षिक सरासरी एक मिलिमीटरही भरत नाही. या तफावतीला दक्षिणेकडून थंड पाणी आणणारा हम्बोल्ट प्रवाह, किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे वर येणारे खोल पाणी आणि अँडीज पर्वताची भिंत कारणीभूत आहेत, आणि त्यांच्याच जोडीला समुद्रावर शेकडो किलोमीटर पसरलेली बुटक्या ढगांची एक चादरही कारणीभूत आहे. लिमा शहरातील लोक जून ते ऑक्टोबर हे महिने याच राखाडी छताखाली काढतात. ‘गारुआ’ नावाची धुकट भुरभुर कपडे ओलावते, पण पाऊस म्हणावा असा काही पडत नाही.

हवामानाच्या जागतिक मॉडेलांमध्ये ही चादर वर्षानुवर्षे विरळ राहिली, काहींमध्ये ती तयारच झाली नाही, आणि तिच्याखालचा समुद्र मॉडेलमध्ये प्रत्यक्षापेक्षा कित्येक अंशांनी उबदार होत गेला. त्या चुकीचा माग काढता काढता संशोधक वातावरणाच्या तळाच्या दोनेक किलोमीटरमधील हवेच्या मिसळण्यापर्यंत कसे पोहोचले, ते या प्रकरणात पाहू. आजार समुद्रात दिसतो आणि त्याचे मूळ मात्र हवेत सापडते, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते.

चूक किती मोठी होती

1995 मध्ये कार्लोस रॉबर्टो मेचोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्र व वातावरण एकत्र जोडलेल्या 11 मॉडेलांची तुलना प्रसिद्ध केली. बहुतेक मॉडेलांत एकाच नमुन्याच्या चुका आढळल्या. विषुववृत्तालगतची थंड पाण्याची जीभ पश्चिमेकडे गरजेपेक्षा लांब पसरली होती, पेरूच्या किनाऱ्याजवळचे पाणी फार उबदार होते, आणि पर्जन्यपट्टा दोन ठिकाणी उमटत होता. प्रत्यक्षात मध्य व पूर्व प्रशांत महासागरावरील मुख्य पर्जन्यपट्टा विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो. मॉडेलांत त्याचे जुळे भावंड दक्षिणेलाही जन्माला येत होते.

या चुका एकमेकींना धरून असतात. पेरूजवळचे पाणी तापले की त्यावरील हवेचा दाब उतरतो आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मंदावतात. वारे मंदावले की बाष्पीभवन घटते, खोल पाणी वर येण्याचा वेगही कमी होतो, आणि पाणी आणखी तापते. उबदार पाण्यावर बुटके ढग टिकत नाहीत, त्यामुळे ऊन जास्त पोहोचते आणि हे चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरू लागते. अशा चक्रात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येत नाही. त्यासाठी साखळीतील एक कडी हाताने पकडून स्थिर ठेवावी लागते.

तेच 1996 मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने केले. या गटात मेचोसो यांच्याबरोबर अकिओ अराकावाही होते. खोल अभिसरण, म्हणजे तापलेल्या हवेचे उंचवर चढणे, मॉडेलमध्ये कसे मांडावे याचा पाया ज्यांनी 1974 मध्ये वेन शूबर्ट यांच्यासोबत घातला, तेच हे अराकावा. या गटाने एकाच मॉडेलच्या दोन धावा घेतल्या, म्हणजे ते संगणकावर दोनदा चालवले. पहिलीत ढग मॉडेलने स्वतः ठरवले आणि ते नेहमीप्रमाणे कमी आले. दुसरीत पेरूच्या किनाऱ्याजवळ ढगांची चादर कायमची अंथरून ठेवली. दुसऱ्या धावेत चादरीखालचा समुद्र 5 अंशांपर्यंत थंड झाला. त्याहून बोलका निष्कर्ष असा की गारवा चादरीच्या कडेवर थांबला नाही. वारे बळावले आणि त्यांनी बाष्पीभवन वाढवून थंडावा दूरवर नेला. म्हणजे हा प्रश्न एका कोपऱ्यापुरता नव्हता, पूर्व प्रशांताचे मोठे क्षेत्र त्या कोपऱ्याशी बांधलेले होते.

या 5 अंशांचा अंदाज आपल्यालाही करता येतो. समुद्राचा वरचा 50 मीटरचा थर चांगला ढवळलेला आहे असे धरू. त्यावर प्रत्येक चौरस मीटरला 20 वॉट जादा ऊर्जा सतत पडली, तर तो थर महिन्याला सुमारे पाव अंशाने तापतो, म्हणजे वर्षाला 3 अंशांनी. बाकी कशानेही भरपाई झाली नाही तरच हे खरे, आणि निसर्ग भरपाई करतोच. पण 20 वॉट ही फार मोठी चूक नाही. मोकळा समुद्र पडलेल्या उन्हापैकी 90 टक्क्यांहून अधिक ऊन पिऊन टाकतो आणि ढगांची घट्ट चादर त्यातले एक तृतीयांश ते निम्मे परत पाठवते. मॉडेलमधील चादर थोडी जरी फाटली, तरी 20 वॉटांची मर्यादा सहज ओलांडली जाते.

चादर कशामुळे टिकते

अभिसरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पावसाळ्यापूर्वीचे उंच, गडगडणारे ढग येतात. तापलेली ओलसर हवा पंधरा किलोमीटरपर्यंत चढते, ते खोल अभिसरण. इथला विषय उथळ्या अभिसरणाचा आहे. त्यात हवा एकदोन किलोमीटर चढते, तिथली कोरडी हवा खाली मिसळते आणि पाऊस जवळजवळ पडत नाही.

पेरू आणि चिलीसमोरच्या समुद्रावर वरून सतत उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. खाली थंड समुद्राला चिकटलेली ओलसर हवा असते. दोन्हींच्या सीमेवर तापमान उंचीबरोबर उतरायच्या ऐवजी एकदम वाढते. भूगोलाच्या पुस्तकांत यालाच तापमान विपरीतता म्हणतात. किनाऱ्यापासून दूर 20 अंश दक्षिण अक्षांशावर ही सीमा साधारण सव्वा ते दीड किलोमीटर उंचीवर असते आणि तिच्यातून वर जाताना थोड्याच मीटरांत तापमान सुमारे 10 अंशांनी वाढते. हे अक्षरशः झाकण असते.

या झाकणाखालच्या ढगाचे इंजिन उलटे चालते, आणि पुढचे सगळे समजण्यासाठी हे लक्षात ठेवावे लागेल. चुलीवरचे पातेले खालून तापते म्हणून त्यातले पाणी ढवळले जाते. इथे ढगाचा माथा अवकाशाकडे उष्णता फेकून गार होतो, माथ्याची जड झालेली हवा खाली बुडते आणि त्या बुडण्याने संपूर्ण थर समुद्रपृष्ठापर्यंत ढवळून निघतो. ढवळल्यामुळे समुद्राचे बाष्प वर ढगापर्यंत पोहोचते. ढग असल्यामुळे गारवा, गारव्यामुळे ढवळणे, आणि ढवळण्यामुळे ढग. या साखळीला खंड पडला नाही तर चादर दिवसेंदिवस टिकते. मात्र झाकणातून बाष्प वर गळू लागले की ढग पातळ होतो, पातळ ढगाचा माथा पुरेसा गार होत नाही, ढवळणे मंदावते आणि बाष्पाचा पुरवठाही आटतो.

झाकण किती घट्ट आहे याचा ढगांशी असलेला संबंध 1993 मध्ये स्टीफन क्लाइन आणि डेनिस हार्टमन यांनी मोजला. समुद्रपृष्ठ आणि 700 हेक्टोपास्कल दाबाची पातळी (सुमारे तीन किलोमीटर उंची) यांच्यातील विभव तापमानाचा, म्हणजे हवा समुद्रपातळीच्या दाबाला आणल्यास तिचे जे तापमान होईल त्याचा, फरक एका अंशाने वाढला, तर स्तरमेघांचे, म्हणजे अशा पसरट बुटक्या ढगांचे, आच्छादन सुमारे 6 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना दिसले. हे नाते इतके साधे आहे की अनेक मॉडेलांनी ढग ठरवण्यासाठी ते थेट वापरले. माझ्या मते मात्र ही तात्पुरती मलमपट्टी होती, कारण त्यात ढगाचे प्रमाण वरून लिहून दिले जाते आणि ढग कशामुळे टिकतो हे मॉडेलला कळत नाही.

गळती कुठे होती

जागतिक मॉडेलच्या जाळीचा एक चौकोन दहापासून शंभराहून अधिक किलोमीटर रुंद असतो. त्यात मावणारे हजारो छोटे ढग एकेक करून मोजणे शक्य नसते, म्हणून त्यांचा एकत्रित परिणाम सूत्रांनी मांडावा लागतो. या पद्धतीला प्राचलीकरण म्हणतात. उथळ्या अभिसरणाची अशी सूत्रे मॉडेलांत आली ती चांगल्या हेतूने आणि चांगल्या परिणामासह. ती नसताना व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात समुद्रालगतची हवा बाष्पाने तुडुंब भरून राही आणि बाष्पीभवन खुंटे. 1980 च्या दशकात युरोपीय मध्यम-मुदत हवामान अंदाज केंद्राने उथळे अभिसरण आपल्या मॉडेलमध्ये घेतले, तेव्हा कोरडी हवा खाली मिसळू लागली, समुद्रातून बाष्प अधिक उचलले जाऊ लागले आणि ते बाष्प वाऱ्यांबरोबर पर्जन्यपट्ट्याकडे जाऊ लागले. मायकेल टीड्के आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये हा फरक सविस्तर मांडला.

म्हणजे उथळे अभिसरण समुद्राच्या तापमानावर दोन वाटांनी काम करते. पहिली वाट बाष्पीभवनाची. कोरडी हवा खाली आली की समुद्रातून जास्त पाणी उडते आणि दिवसाला एक मिलिमीटर जादा बाष्पीभवन झाले तर प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे 29 वॉट अप्रकट उष्मा समुद्रातून निघून जातो. ही वाट समुद्र थंड करते. दुसरी वाट ढगांची. तीच कोरडी हवा ढगाचे थेंब उडवते, ऊन आत येते आणि समुद्र तापतो. कॅरिबियनमधील बार्बाडोससमोर किंवा हवाईजवळ, जिथे विखुरलेले राशिमेघ, म्हणजे कापसाच्या गोळ्यांसारखे ढग असतात, तिथे पहिली वाट मोठी ठरते. पेरूसमोर, जिथे चादर असते, तिथे दुसरी. एकच सूत्र दोन्हीकडे सारख्याच जोराने लावले, तर एका समुद्रात जे बरोबर तेच दुसऱ्यात चूक ठरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण अंदाज केंद्रांच्या ग्लोबल फोरकास्ट सिस्टीममध्ये, म्हणजे जीएफएसमध्ये, नेमके हेच घडत होते. या मॉडेलमधील जुने उथळे अभिसरण विसरणाच्या धर्तीवर लिहिलेले होते. पाण्यात शाईचा थेंब जसा पसरतो तसे उष्णता व बाष्प वरखाली पसरतात असे त्यात मानले होते. त्याचा परिणाम नेहमी जोडीने येई, वरच्या थरात थंडावा आणि खालच्या थरात ऊब. झाकण दिसले तरी हे सूत्र थांबत नसे आणि ओलावा वर जातच राही. त्याखेरीज संगणकीय स्थैर्यासाठी ठेवलेले एक पार्श्वभूमीचे विसरण सगळ्या थरांत अखंड चालू असे. ते क्षीण होते, पण दर मिनिटाला, दिवसरात्र, झाकणातून थोडेथोडे बाष्प झिरपवत असे.

दुरुस्तीचे चार प्रयोग

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आर. सन, श्रीनिवास मूर्ती, एच. शिआव आणि मेचोसो यांनी जीएफएसमध्ये दोन बदल केले. पहिल्या बदलात झाकणाची उंची ओळखून तिच्या वरचे पार्श्वभूमीचे विसरण काढून टाकले. दुसरा बदल अधिक विचारपूर्वक केलेला होता. ढगाच्या माथ्यातून कोरडी हवा आत आली की ढगाचे थेंब उडतात आणि त्या बाष्पीभवनाने आत आलेली हवा गार होते. ती आजूबाजूच्या ढगापेक्षा जड होण्याइतकी गार झाली, तर आपोआप खाली बुडते, आणखी कोरडी हवा मागून ओढते आणि ढग फुटतो. तेवढी गार झाली नाही, तर झाकण टिकते. या निकषावर आधारलेले एक मापक त्यांनी सूत्रात घातले, ज्यामुळे झाकण मजबूत असेल तिथे उथळ्या अभिसरणाची त्याच्या आरपार मिसळण्याची ताकद मर्यादित राहू लागली.

मग त्यांनी चार धावा घेतल्या. एक मूळ मॉडेलची, एक फक्त पहिल्या बदलाची, एक फक्त दुसऱ्याची आणि एक दोन्हींची. एकेकट्या बदलाने आग्नेय प्रशांतावरचे ढग वाढले, पण उपग्रहांच्या नोंदींपेक्षा ते कमीच राहिले. दोन्ही बदल एकत्र केल्यावर मात्र एकूण आच्छादन वास्तवाच्या जवळ आले. परिणामांची नुसती बेरीज झाली असती तर इतकी झेप दिसली नसती. दोन भोके पडलेल्या माठाचे एकच भोक बुजवले तर दुसऱ्यातून पाणी जातच राहते, तसेच हे. दोन्ही बुजल्यावर ओलावा झाकणाखाली साठला, ढग जाड झाला, माथा गार होऊ लागला आणि वर सांगितलेले उलटे इंजिन मॉडेलमध्येही सुरू झाले. ढग लिहून द्यावा लागला नाही, तो आपल्या आपण टिकला. क्लाइन-हार्टमन यांच्या नात्यावरून ढग रंगवणे आणि हा प्रयोग यांतला हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, जाँगिल हान आणि हुआ-लू पॅन यांनी जीएफएसच्या सुधारित भौतिकीचे वर्णन केले. विसरणाच्या जागी वस्तुमान-प्रवाहाची पद्धत आली, म्हणजे वर चढणाऱ्या हवेच्या झोतांचा हिशेब स्वतंत्रपणे होऊ लागला. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यांवरचे स्तरराशी मेघ, म्हणजे आपल्या चादरीतले ढग, जुन्या सूत्राने जसे नष्ट होत तसे नव्याने होत नाहीत, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. त्याच वेळी बुटके ढग वाजवीपेक्षा वाढू नयेत म्हणून त्या भागांत सीमाथरातील, म्हणजे पृष्ठभागालगतच्या हवेच्या थरातील, ढवळणे वाढवावे लागले.

या सगळ्या कामाला प्रत्यक्ष निरीक्षणांचा आधार होता. 20 अंश दक्षिण, 85 अंश पश्चिम येथे अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या नांगरलेल्या बोयाने, म्हणजे तरंगत्या मोजणी-केंद्राने, 2000 पासून ऊन, वारा, आर्द्रता आणि पाण्याचे तापमान नोंदवले. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2008 मध्ये व्होकल्स मोहिमेत आरिकाहून उडणारी विमाने आणि समुद्रातील जहाजे याच 20 अंशांच्या रेषेवर ढगांच्या खाली, आत आणि वर मोजमाप करत होती. किनाऱ्याकडे येताना झाकण खाली उतरते. अनेक मॉडेलांत ते वाजवीपेक्षा फारच खाली बसते, हेही याच प्रदेशाच्या तुलनांतून दिसून आले.

जे सुटले नाही

सन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात एकूण आच्छादन जुळले, पण खालच्या, मधल्या आणि वरच्या ढगांचे वाटे निरीक्षणांशी जुळले नाहीत. समुद्राच्या दृष्टीने हा बारीक मुद्दा नाही. उंच ढग ऊन अडवतो तसा खालून निघणारी उष्णताही अडवतो. बुटका ढग जवळजवळ समुद्राइतकाच उबदार असल्यामुळे ती फारशी अडवत नाही. तेवढेच आच्छादन वेगळ्या उंचीवर असेल तर समुद्राच्या वाट्याला येणारी निव्वळ ऊर्जा वेगळी असते.

दुसरे म्हणजे, समुद्राच्या बाजूची चूक समुद्राच्याच बाजूला राहते. किनाऱ्यालगत खोल पाणी वर येण्याची पट्टी काही दहा किलोमीटरचीच असते आणि जाडजूड जाळीच्या मॉडेलमध्ये ती विरघळून जाते. अँडीजची उंचीही अशा जाळीत बुटकी होते, त्यामुळे किनाऱ्यालगतचे वारे बिघडतात. ढग पूर्ण बरोबर आले तरी ही पट्टी उबदार राहू शकते. तेव्हा ढगांना वाजवीपेक्षा जाड करून किनाऱ्याचे तापमान जुळवण्याचा मोह होतो, आणि तो टाळायला हवा. 1990 च्या दशकापर्यंत अनेक मॉडेलांत समुद्रपृष्ठावर उष्णतेची कृत्रिम भर-वजाबाकी करून तापमान जागेवर ठेवले जाई. एका चुकीवर दुसरी चूक बेतून काढलेले बरोबर उत्तर हा त्याच सवयीचा नवा अवतार ठरेल.

याच मिसळण्याचा संबंध भविष्यातील तापमानवाढीशीही जोडला गेला. 2014 मध्ये स्टीव्हन शेरवूड, सँड्रीन बोनी आणि जाँ-लुई दुफ्रेन यांनी 43 मॉडेलांवरून दाखवले की मॉडेलांच्या संवेदनशीलतेतील, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास ती किती तापमानवाढ दाखवतात यातील, सुमारे निम्मा फरक खालच्या वातावरणातील मिसळण्याने स्पष्ट होतो. 2020 च्या जानेवारी-फेब्रुवारीत बार्बाडोसजवळ झालेल्या मोहिमेच्या मोजमापांवरून मात्र 2022 मध्ये असे दिसले की व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातील राशिमेघ मिसळण्याने अतिसंवेदनशील मॉडेलांत दिसते त्या प्रमाणात वाळत नाहीत. राशिमेघांचा हा निकाल पेरूच्या चादरीला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण तिथे झाकण वेगळे आणि इंजिनही वेगळे.

पुण्याशी असलेला धागा

2012 मध्ये सुरू झालेल्या भारताच्या मान्सून मिशनने हंगामी अंदाजासाठी सीएफएसव्ही2 हे मॉडेल स्वीकारले आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यावर काम सुरू झाले. या मॉडेलचा वातावरणीय भाग जीएफएसच्याच घराण्यातला आहे. मात्र इथली अडचण उलट चिन्हाची होती. उष्णकटिबंधीय हिंदी महासागर मॉडेलमध्ये प्रत्यक्षापेक्षा थंड येत होता आणि मध्य भारतावर पाऊस कमी पडत होता. याच मॉडेलमधून पुण्यात आयआयटीएम-ईएसएम हे पृथ्वी-प्रणाली मॉडेल घडवताना समुद्राचा भाग बदलला गेला आणि थंडपणाची चूक कमी झाली.

पेरूचा उपाय इथे उचलून लावता येत नाही. हिंदी महासागरावर तशी स्थिर चादर नाही, त्यामुळे तिथे आधी बाष्पीभवनाची वाट तपासावी लागते. मॉडेलमधील वारा जास्त जोराचा आहे का, की खाली मिसळणारी हवा जास्त कोरडी आहे, की पाण्याचा वरचा थरच जास्त खोलवर ढवळला जातो? उत्तर अरबी समुद्रापुरते बोलायचे तर हिवाळ्यातील थंड चुकीचा माग पाकिस्तान आणि उत्तर भारताच्या अतिथंड दाखवलेल्या जमिनीपर्यंत लागला आहे. तिथून मॉडेलमध्ये येणारे ईशान्येचे वारे प्रत्यक्षापेक्षा जोरदार आणि गार असतात, आणि समुद्राची उष्णता ते आधीच ओढून नेतात. मान्सून येईपर्यंत त्या पाण्यावरचे बाष्प त्यामुळे कमी पडते.